आपला धंदा कोणता?



वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी मेडिसिनच्या वॉर्डात काय करावे, हे कामगार संघटनेच्या माणसाने का सांगावे, असे कोणी म्हणेल. पण त्या वॉर्डातील खाटेवर पुष्कळदा आमचाच सभासद पडलेला असतो. त्याच्या वतीने बोलण्याचा हक्क आम्ही सोडणार नाही.

आमचे मागणे एकच आहे. केसपेपरावर धंद्याच्या जागी नुसते 'मजूर' लिहून पुढे जाऊ नका.

इटलीतील वैद्य रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली : तुझा धंदा कोणता? तीनशे वर्षे उलटली, तरी घाईगर्दीत नेमका हाच प्रश्न राहून जातो.

राहिला तर काय बिघडते? दगडाच्या क्रशरवर किंवा फाउंड्रीत वाळूच्या कामावर राबणाऱ्याच्या छातीत सिलिकाची बारीक धूळ साचते. वर्षानुवर्षांनी त्याला धाप लागते. एक्स-रेत डाग दिसतात आणि क्षयाचे औषध सुरू होते. या धुळीने क्षयाचा धोका वाढतो, हे खरे. म्हणून थुंकी तपासलीच पाहिजे. पण सिलिकोसिस असेल, तर तो क्षयाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. औषध संपवून तो गडी पुन्हा त्याच धुळीत उभा राहतो.

सूतगिरणीतही तसेच. कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगात सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढे हप्ताभर त्रास कमी होत जातो. 'दमा कधीपासून आहे?' एवढेच विचारले, तर हे कळणार नाही. 'सुट्टीनंतर कामावर गेल्यावर कसे वाटते?' असे विचारले, तर कळेल.

मोठ्या डॉक्टरांपुढे रांग असते. त्यांना दोन मिनिटे मिळतात. तुम्ही शिकायला आलेले आहात, तुम्हांला खाटेजवळ अर्धा तास बसता येते. वॉर्डातील तुमचे खरे भांडवल हेच. तेव्हा रोग्याला 'अहो-जाहो' करा आणि विचारा : हाताने नेमके काय करता? यापूर्वी कोठे कोठे काम केले? तेथे धूळ, धूर, शिसे, रसायन काय होते? शेजारच्या माणसालाही असाच त्रास आहे काय? जुने काम विसरू नका. धुळीचा रोग काम सुटल्यावरही वर येतो. मुकादम किंवा मालकाचा माणूस जवळ असेल, तर तो गेल्यावर विचारा. कळले ते केसपेपरावर लिहा आणि राउंडच्या वेळी वरिष्ठांपुढे मांडा.

१९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यातील ठराविक धंदेरोगांची खबर सरकारी निरीक्षकाला देण्याचे कर्तव्य डॉक्टरवर घातले. २०२० च्या संहितेतही ते कायम आहे. परंतु जो रोग ओळखलाच नाही, त्याची खबर कोण देणार? नुकसानभरपाई मागताना कामगाराच्या हाती पुरावा कोणता? आणि त्याच खात्यात अजून उभ्या असलेल्या सोबत्यांना सावध कोणी करावे?

तुम्ही लिहिलेली एक ओळ एका रोग्याचे निदान सुधारील आणि कदाचित साऱ्या खात्यातील धूळ खाली बसवील. ती ओळ लिहा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.