कोपऱ्यावरची ग्रंथपेटी

ग्रंथालयांच्या बाबतींत महाराष्ट्र दरिद्री नाहीं. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें, पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें आणि मुंबईचें १८९८ सालचें. वर्गण्या, देणग्या आणि निःस्पृह चिटणिसांचे कष्ट यांवर अशा संस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. तरीहि पुस्तक आणि वाचक यांच्यामध्यें शेवटचीं पन्नास पावलें बहुधा शिल्लक राहतात, आणि तीं ओलांडण्याचें काम मोठ्या संस्थेस साधत नाहीं.

ग्रंथालयांत जाणाऱ्यास तेथील वेळ पाळावी लागते, अर्ज भरावा लागतो, अनामत ठेवावी लागते आणि वर्गणी द्यावी लागते. यांत अन्याय कांहींच नाहीं. संस्था चालावयाची तर हें सर्व हवेंच. परंतु या चार पायऱ्या चढून वर न येणाराहि वाचक प्रत्येक गल्लींत असतो. इमारतीचा रखवालदार, चार घरचीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईची सहावींत शिकणारी मुलगी, जिना उतरून कोपऱ्यापलीकडे जाण्याचें त्राण न उरलेले आजोबा, हे सर्व अक्षरओळख असलेले लोक आहेत. त्यांच्या वाटेवर तीस-चाळीस पुस्तकें मावतील अशी एक लांकडी पेटी ठेवावी. तिला कुलूप नसावें. वाटेल त्यानें पुस्तक न्यावें, वाचावें, परत आणावें किंवा त्याऐवजीं दुसरें ठेवावें, एवढीच ही योजना. दिसावयास ती अत्यंत सोपी आहे. म्हणूनच ती मोठ्या उत्साहानें सुरू होते आणि पुष्कळदां वर्षाच्या आंत धूळ खात पडते. असें कां होतें व तें कसें टाळावें, हें पाहण्यासारखें आहे.

अलीकडे ही कल्पना जगभर पसरली ती अमेरिकेंतून. विस्कॉन्सिन राज्यांतील हडसन या गांवीं टॉड बोल नांवाच्या गृहस्थानें २००९ सालीं आपल्या दिवंगत मातेच्या स्मरणार्थ घरापुढें खांबावर एक पेटी उभी केली. माता शिक्षिका होती, म्हणून पेटीस एकखणी शाळेचा आकार दिला होता. पुढें रिक ब्रूक्स या सहकाऱ्याच्या साह्यानें त्यानें हा विचार गांवोगांव नेला. दानशूर अँड्र्यू कार्नेगी यानें जितकीं ग्रंथालयें बांधण्यास द्रव्य दिलें, तितक्या म्हणजे सुमारें अडीच हजार पेट्या उभ्या कराव्या असा त्यांचा संकल्प होता. तो आंकडा २०१२ सालींच ओलांडला गेला. बोल २०१८ सालीं निवर्तला; २०२० पर्यंत पेट्यांची संख्या लाखावर गेली होती.

तथापि पेटींतून पुस्तकें फिरविण्याची रीत याहून फार जुनी असून तिची एक शाखा बडोद्याची आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १९०६ सालीं आपल्या सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. परंतु शाळा सुटल्यावर ज्या घरीं पुस्तक नाहीं तेथें शिकलेलीं अक्षरें पुसून जातात, हें त्यांनीं ओळखलें. १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलाविलें. तो १९१३ पर्यंत बडोद्यास होता. त्याच्या हातून जी व्यवस्था उभी राहिली तींत फिरत्या ग्रंथपेट्यांचा एक स्वतंत्र विभाग होता. भक्कम लांकडी पेटींत निवडक पुस्तकें घालून ती खेडोपाडीं मोफत पाठविली जाई आणि तेथील एखाद्या जबाबदार मनुष्याच्या स्वाधीन केली जाई. त्याच सुमारास मोतीभाई अमीन या शिक्षकानें ‘मित्रमंडळ’ या नांवानें लहान लहान वाचनालयांचें जाळें विणिलें होतें. म्हणजे राजाची पेटी आणि शिक्षकाचें वाचनालय, दोन्ही एकाच ठिकाणीं निघालीं होतीं.

महाराष्ट्रांतहि याचें ताजें उदाहरण आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानानें २००९ सालींच, विनायक रानडे यांच्या पुढाकारानें, ‘ग्रंथ तुमच्या दारीं’ ही योजना सुरू केली. देणगींतून घेतलेल्या पुस्तकांची पेटी एका परिसरांतील वाचकांच्या गटास दिली जाते, ठराविक काळानें दुसऱ्या गटाच्या पेटीशीं तिची अदलाबदल होते, आणि प्रत्येक पेटी सांभाळणारा एक मनुष्य असतो. परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंत या पेट्या गेल्या आहेत. बडोदें काय, नाशिक काय, दोन्हींकडे पेटीच्या मागें कोणी तरी उभें आहे. कोपऱ्यावरच्या पेटीच्या मागें कोण आहे, या एका प्रश्नावर तिचें आयुष्य अवलंबून असतें.

प्रथम जागेचा विचार करूं. सुशिक्षितांच्या वसाहतींत पेटी फाटकाच्या आंत, जिन्याखालीं ठेवण्याकडे कल असतो. तेथें पाऊस लागत नाहीं व नजरहि राहते. परंतु फाटकाच्या आंत राहणाऱ्यांच्या घरीं पुस्तकांचें एखादें कपाट बहुधा असतेंच. जिच्या घरीं पाठ्यपुस्तकाशिवाय छापील पान नाहीं ती मुलगी आईची वाट पाहत फाटकाबाहेर उभी असते. म्हणून पेटी कुंपणाच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून असावी. पिठाची गिरणी, दुधाचें केंद्र, बसचा थांबा अशा ठिकाणीं लोक थोडा वेळ रिकामे उभे असतात. अशी जागा सर्वांत उत्तम. रात्रीं दिव्याचा उजेड पडावा आणि मुलांचीं पुस्तकें खालच्या फळींत, त्यांचा हात पोंचेल अशीं असावींत. भिंत सोसायटीची असेल तर सभेचा ठराव घ्यावा. पदपथावर खांब रोवावयाचा असेल तर नगरपालिकेची परवानगी घ्यावी. ही दक्षता क्षुल्लक वाटेल. परंतु २०१४ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत लीवुड या गांवीं एका नऊ वर्षांच्या मुलानें घरापुढें ठेवलेली पेटी नगरपालिकेनें बेकायदा बांधकाम ठरवून काढावयास लाविली होती. लोकांनीं ओरड केल्यावर नियम सैल झाला ही गोष्ट निराळी.

आपल्या हवेंत पेटीस मोठें भय पावसाचें. छप्पर उतरतें असावें व दाराच्या पुढें चार बोटें आलेलें असावें, म्हणजे पागोळ्या दारावर पडत नाहींत. पाठीमागें वरच्या अंगास लहान छिद्रें पाडून तीं बारीक जाळीनें झांकावींत. अगदीं बंद पेटींत हवा कोंडते आणि पुस्तकांस बुरशी धरते. त्याच कारणास्तव पुस्तकें ठासून भरूं नयेत. पेटी मातीस टेकूं देऊं नये, नाहीं तर वाळवी खालून वर येते. कसरीसाठीं कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. डांबराच्या गोळ्या मुलांच्या तोंडांत जाण्याची भीति असल्यानें टाळाव्या. कोंकणांत व मुंबईंत जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती एखाद्या दुकानाच्या पडवींत हलवावी हें बरें. ओलीं झालेलीं पुस्तकें सावलींत, वाऱ्यावर उघडून ठेवावींत. कडक उन्हांत कागद पिवळा पडतो व पाठ वांकते.

आतां पेटींत काय ठेवावें तें पाहूं. येथेंच सुशिक्षित घरांची परीक्षा होते. पेटी सुरू झाल्याची बातमी पसरली कीं पहिल्या आठवड्यांतच ती गच्च भरते, पण कशानें? गेल्या सालचीं मार्गदर्शकें, मुखपृष्ठ गेलेल्या कादंबरीचा दुसरा भाग, कोण्या कंपनीची दैनंदिनी, परीक्षेचे जुने प्रश्नसंच. जें रद्दींत घालावयास मन धजत नाहीं तें पेटींत घातलें म्हणजे दानाचें पुण्य लागतें, अशी समजूत दिसते. परंतु रद्दीची पेटी उघडणारा मनुष्य दुसऱ्यांदां ती उघडत नाहीं. पाहुण्याच्या हातीं संकोच न वाटतां देतां येईल तेंच पुस्तक पेटींत ठेवावें, ही एक कसोटी सर्व नियमांच्या ठिकाणीं पुरेशी आहे.

दिवाळी अंक हे या पेटीचें खरें भांडवल होय. १९०९ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकानें ही प्रथा पाडली. कार्तिकांत घरोघर आलेले अंक माघापर्यंत वाचून होतात व माळ्यावर जातात; तेच पेटींत आले तर उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत गल्लीस पुरतात. त्यांच्या जोडीस ठळक टाइपाचीं पुस्तकें वृद्धांसाठीं, थोड्या ओळींचीं व मोठ्या चित्रांचीं पुस्तकें नुकतेंच वाचूं लागलेल्या मुलांसाठीं असावींत. शेजारीं हिंदी, गुजराती, कन्नड किंवा उर्दू वाचणारे असतील तर त्यांच्या भाषेंतील दोन-चार पुस्तकें अवश्य ठेवावींत. स्वयंपाकाचें पुस्तक व शब्दकोश यांस मागणी नाहीं असें मानूं नये.

पुस्तकें चोरीस जातात, ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते. येथें थोडा विवेक करावयास हवा. जें न्यावें म्हणूनच ठेविलें तें नेण्यास चोरी म्हणतां येत नाहीं. पुस्तक परत आलें नाहीं, पण एखाद्या घरीं चार जणांनीं तें वाचलें, तर पेटीचा हेतु सफळच झाला. रद्दीवाल्याच्या तराजूंत गेलेलें पुस्तक तेवढें खरोखर गेलें. त्यावर उपाय साधे आहेत. पहिल्या व मधल्या एका पानावर ‘ही पेटीची प्रत आहे, विक्रीसाठीं नाहीं’ असा शिक्का उमटवावा. सर्व पुस्तकें एकदम बाहेर न मांडतां निम्मीं घरीं ठेवावींत व दर आठवड्यास पांच-सात बदलावींत. एका वेळीं थोडेंच नुकसान होतें, आणि येणाऱ्यास दर खेपेस कांहीं नवें दिसतें.

वस्तुतः पुस्तकें जाण्यापेक्षां तीं न हलणें अधिक घातक आहे. शियाळी रामामृत रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले. पुस्तकें उपयोगासाठीं असतात, प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक भेटला पाहिजे, आणि ग्रंथालय हें सतत वाढणारें सजीव शरीर आहे, असा त्यांतील तीन नियमांचा आशय. हे नियम मोठ्या संग्रहालयास लागू आहेत तितकेच हातभर पेटीसहि आहेत. दोन महिने ज्यास कोणी हात लाविला नाहीं तें पुस्तक काढून दुसऱ्या गल्लींतील पेटीस द्यावें. तेथें कदाचित् त्याचा वाचक बसलेला असेल.

नांवांची नोंद ठेवावी कीं नाहीं, याविषयीं मतभेद होतो. हिशेबी मनुष्यास वही असावी असें वाटतें. वही असावी, पण ती नांवांची नसावी. सुतळीनें बांधलेल्या वहींत ‘कोणतें पुस्तक हवें आहे’ एवढेंच ज्यानें त्यानें लिहावें. त्यावरून गल्लीस काय वाचावयाचें आहे तें कळतें, आणि लिहिणाऱ्यास आपलें नांव सांगावें लागत नाहीं.

नांव न विचारण्याचें महत्त्व लहान नाहीं. धुणीं-भांडीं करणाऱ्या बाईची मुलगी पेटीपुढें थांबते, दार उघडते, एक पुस्तक काढते. इतक्यांत वरच्या गच्चींतून कोणी विचारतें, ‘काय ग, कोण तूं? तिथें काय करतेस?’ प्रश्न रागाचा नसेल, सहज केलेला असेल. तरी ती मुलगी पुस्तक परत ठेवते आणि पुन्हां त्या भिंतीजवळ फिरकत नाहीं. पेटीचें दार उघडेंच राहतें, पण तिच्यापुरती ती बंद होते. याच मुलगी-मुलांसाठीं बडोद्याची पेटी रानोमाळ फिरली होती. ज्या वयांत एक गोष्टीचें पुस्तक हातीं लागलें तर वाचनाची गोडी जन्मभर पुरते, आणि न लागलें तर शाळेंत गिरविलेलें सारें चार वर्षांत विरून जातें, त्या वयांत ती उभी असते. पुस्तक फाटलें तर नवें घेतां येतें. हिरमुसलेला वाचक पुन्हां मिळत नाहीं. म्हणून पेटी चालविणाऱ्यांनीं आपल्या इमारतींतील प्रत्येक घरीं एवढें सांगून ठेवावें कीं, पेटीपुढें उभ्या असलेल्या मुलास कोणी हटकूं नये. फार तर हसून बाजूस व्हावें.

शेवटीं, पेटी सांभाळणारा. समिति नेमली कीं काम प्रत्येकाचें होतें व कोणीच करीत नाहीं. एका मनुष्याच्या अंगावर तें पडलें तर तो परगांवीं गेला कीं पेटी पोरकी होते. दोघे असावेत, आणि त्यांतील एक शाळेंत जाणारा असावा. आठवड्यांतून एक अर्धा तास पुरतो: धूळ झटकावी, फाटलेलें पान चिकटवावें, रद्दी काढावी, नवीं पुस्तकें मांडावींत, वहींतील मागण्या वाचाव्या. दाराच्या आंतल्या बाजूस जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा पत्ता, वेळ व वर्गणी लिहिलेला कागद लावावा. तीस पुस्तकें वाचून ज्याची भूक वाढली त्यास तीस हजार पुस्तकें कोठें आहेत तें कळावें; पेटीनें ग्रंथालयाशीं स्पर्धा करावयाची नसून तेथें वाचक पोंचवावयाचा आहे.

ज्या श्रोत्यांच्या घरीं पुस्तकांचें कपाट आहे त्यांनीं येत्या रविवारीं तें उघडून पाहावें. जें पुस्तक आवडलें होतें, पण दहा वर्षांत ज्यास हात लागला नाहीं, असें एक तरी तेथें निघेल. पेटीचा आरंभ त्या पुस्तकानें करावा.