ओढणी, खिसा आणि टेबलाखालची वायर

(संगणकाचा वर्ग पुरा केलेल्या मुली आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्या यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण.)



‘मुलाखतीला जाताना काय घालावं’ हा विषय फळ्यावर पाहून मागच्या रांगेतल्या दोघीतिघी कार्यकर्त्या हसल्या, ते मी पाहिलं. त्यांचं चूक नाही. बाईला कपड्यांवरून जोखू नका, म्हणून आपण इतकी वर्षं भांडलो, आणि आता आपणच शिबिर भरवून मुलींना कपडे सांगायचे? मलाही हा विषय नको होता. पण वर्गातल्या मुलींनी चिठ्ठ्यांवर जे प्रश्न लिहून दिले, त्यातले निम्मे कपड्यांचेच निघाले. तेव्हा बोलायलाच हवं.

माझ्यापासून सुरुवात करते. २००४ साली पुण्यात एका कचेरीत कॉम्प्युटरच्या देखभालीच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेले. आयुष्यातली पहिली मुलाखत. आईनं मावशीची सिल्कची साडी मागून आणली, हातात डझनभर बांगड्या, पायात उंच टाचेची नवी चप्पल. आईला तरी काय म्हणणार? मुलीला चार परक्या माणसांसमोर बसवायचं म्हणजे दाखवायचा कार्यक्रम, दुसरा प्रसंग आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हता. साहेबांनी तीन-चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग म्हणाले, “त्या टेबलावरचा कॉम्प्युटर चालू होत नाहीये, बघा जरा.” वायर टेबलामागून खाली गेली होती. साडी आवरत, पाच पुरुषांसमोर गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरायचं माझ्यानं होईना. मी नुसती उभी राहिले. माझ्यानंतरचा मुलगा आत गेला, ते दाराच्या काचेतून दिसत होतं. तो सरळ खाली बसला आणि सुटलेली वायर लावून उठला. नोकरी त्याला मिळाली. वायर सुटली असणार हे मला उभ्या उभ्या कळलं होतं. तेवढं तोंडानं तरी सांगायचं! ती चुटपुट अजून गेलेली नाही.

तेव्हापासून मी कपड्यांकडे कामाच्या बाजूनं बघते. या नोकरीत खाली वाकायचं असतं, मॉनिटर उचलायचा असतो, प्रिंटरच्या रोलरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचा असतो. ज्यात हे जमेल ते घाला. पॅन्ट-शर्ट, कुर्ता-सलवार, काहीही. साडीची सवय असेल तर साडीसुद्धा, पण सुती आणि नीट पिना लावलेली. ओढणी घ्यायची तर दोन्हीकडून पिन करा. मंगळसूत्र लांब असेल तर आत घाला, बांगड्या त्या दिवशी काढून ठेवा. सासूबाईंनी विचारलं तर सांगा, कॉम्प्युटर उघडून काम करायचं असतं, धातू हातात नको. ते खोटंही नाही. बंद चप्पल किंवा बूट, जुने चालतील. कर्ज काढून नवे कपडे शिवू नका. शिंप्याकडून कुर्त्याला एक खोल खिसा मात्र लावून घ्या. बायकांच्या कपड्यांना खिसाच नसतो, मग स्क्रूड्रायव्हर, पेनड्राइव्ह, फोन ठेवायचा कुठे? आणि आदल्या दिवशी तेच कपडे घालून घरात पलंगाखाली शिरून बघा. घरचे हसतील, हसू देत.

आता प्रश्नांकडे वळते. नेट चालत नाही, काय कराल, हा प्रश्न येणारच. त्यांना तुमच्या विचाराचा क्रम ऐकायचा असतो. म्हणून मोठ्यानं विचार करा : केबल बसली आहे का, शेजारच्याचं नेट चालतं का, मग आयपी पत्ता बघते; तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर मशीनला नेटवर्ककडून पत्ता मिळालेला नाही. इंग्रजी अडलं तर मराठीत किंवा हिंदीत सांगू का, असं विचारा. एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि कुठे शोधाल, कुणाला विचाराल ते सांगा.

एका प्रश्नावर मात्र आपल्या मुली हमखास अडखळतात. फोन येतो, “मी अमुक मोठा साहेब बोलतोय, माझा पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला, मीटिंग आहे.” काय कराल? दहातल्या आठजणी म्हणतात, बदलून देऊ. पुरुषानं आवाज चढवला की मान खाली घालायची, हे आपल्याला कुणी शिकवलं ते इथे सांगायला नको. बरोबर उत्तर असं, की आधी ओळख पटवायची. साहेब ओरडला तरी, “सर, ठरलेल्या पद्धतीनं ओळख पटली की लगेच करते.” हे वाक्य आरशासमोर उभं राहून म्हणा. दुपारी आपण जोडीजोडीनं म्हणणार आहोत.

मग येतात घरचे प्रश्न. लग्न कधी, मूल कधी, रात्रीची शिफ्ट नवऱ्याला चालेल का. भरतीत बाई म्हणून भेदभाव नको, हे १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्यात होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. १९९१ साली नीरा माथुर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आयुर्विमा महामंडळाला अर्जातले मासिक पाळीचे आणि गर्भारपणाचे रकाने काढून टाकायला सांगितलं आणि नीराताईंना पुन्हा कामावर घ्यायला लावलं. पण समोर बसलेल्या माणसाला कलमं ऐकवून नोकरी मिळत नाही, हेही खरं. मी एवढंच म्हणायची, “कामाच्या वेळा मला जमतील. शिफ्ट कशा असतात ते सांगता का?” प्रश्न त्यांच्या अंगणात गेला.

आणि तुम्हीही विचारा. रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या कामासाठी बाईची संमती हवी, तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय हवी, असं महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. २००७ साली पुण्यात कॉल सेंटरला निघालेल्या तरुणीवर कंपनीच्या गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार केला, तिचा खून केला. गाडीचं विचारायला लाजू नका. पगार कंपनी देणार की ठेकेदार, तेही विचारा. नोकरीसाठी कुणी पैसे किंवा मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला लागलं तर उठून या.

एक सांगायचं राहिलं, ते अवघड आहे. पुढे मी मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीत बसू लागले. आयटीआयचा कोपा केलेली एक मुलगी आली. गावाकडची बोली, चमकीचा ड्रेस, चापून लावलेलं तेल. प्रिंटर छापत नाही, या प्रश्नाचं उत्तर तिनं अचूक दिलं : कागद, रांगेत अडकलेलं काम, मग स्पूलर बंद करून पुन्हा चालू. दुसऱ्या उमेदवाराचं उत्तर अर्धवट होतं, पण इंग्रजीत होतं. मी तिच्या नावापुढे लिहिलं, ‘व्यक्तिमत्त्व कमी.’ मी! तुमच्या मोर्च्यात घोषणा देणारी. रात्री घरी मावशीची साडी आठवली. पुढच्या खेपेपासून उत्तरांचे गुण आधी देऊन कागद बाजूला ठेवायचा, शेरे नंतर लिहायचे, असं मी सहकाऱ्यांशी भांडून ठरवून घेतलं. त्या मुलीला त्याचा काही उपयोग झाला नाही.

कार्यकर्त्यांकडे एक मागणं आहे. हल्ली पहिली मुलाखत बरेचदा फोनवर किंवा व्हिडिओवर होते. एका खोलीत सहाजण राहतात तिथून ती कशी द्यायची? केंद्रातली ती मागची खोली, एक इस्त्री आणि दोन-तीन मापांचे बूट, एवढं ठेवा.

जेवणानंतर शेजारच्या खोलीत या. तिथला कॉम्प्युटर मी बिघडवून ठेवलाय. वायर टेबलाखालून गेली आहे, आणि आज बघायला पुरुष कुणी नाहीत.