सांडलेले पेले आणि रिकामे हात
(महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



लाकूड आणि रेझिनचे दागिने करणाऱ्या काही जणी आता दागिन्यांशेजारी टॅरोची पानंही मांडतात. गळ्यातलं बघायला आलेली बाई एक पान उचलते आणि बोलता बोलता रडू लागते. आपल्यातल्या काहींना ही निव्वळ अंधश्रद्धा वाटते. पण झटकून टाकण्याआधी नीट बघू या.

टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पत्त्यांचा खेळ म्हणून सुरू झाला. भविष्य सांगणं त्याला अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटलं. आज सर्वांत ओळखीचा असलेला ७८ पानांचा जोड १९०९ मध्ये लंडनला निघाला. चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईनं काढली, पण जोडाला नाव मिळालं प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांचं. इतकं मोठं काम अगदी थोड्या पैशांत केलं, असं तिनं एका पत्रात लिहिलं होतं. १९५१ मध्ये ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. ही गोष्ट आपल्याला ओळखीची आहे.

तिचं पाच पेल्यांचं पान बघा. काळा झगा पांघरलेलं माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघत उभं आहे. पाठीमागे दोन पेले तसेच उभे आहेत. 'तुम्हाला काय त्रास आहे?' असं विचारल्यावर गप्प बसणारी बाई हे चित्र बघून आपलं काय सांडलं ते सांगू लागते. त्या वेळी आधार देतं ते समोर बसून ऐकणारं माणूस. पानात कोणतीही शक्ती नसते.

म्हणूनच मर्यादा पाळायला हवी. 'नवरा सुधारेल, पान सांगतंय' म्हणून मार खाणाऱ्या बाईला परत पाठवणं किंवा उताऱ्याच्या नावानं पैसे उकळणं हे शोषणच आहे. जीव नकोसा झालेल्या बाईला टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर जोडून द्या. घरात हिंसा असेल तर १८१.

आता दागिन्यांविषयी. लाकूड घासताना, रंग मिसळताना मन थाऱ्यावर येतं, हे खरं. पण कच्चं रेझिन आणि त्यात मिसळायचं हार्डनर कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. घासताना मास्क लावा, कारण लाकडाची नि रेझिनची धूळ छातीत जाते. स्वयंपाकाच्या ओट्यावर, मुलं वावरतात तिथे हे काम नको.

किंमत ठरवताना नुसता माल धरू नका. घासण्याचे, पॉलिशचे तास मोजा. ऐकून घेण्यात गेलेला तासही कामाचाच आहे. दुसऱ्यांना आधार देणाऱ्या बाईचे श्रम फुकटात जाऊ नयेत, एवढं तरी आपल्या गटांनी बघावं.