हेगचें न्यायालय आणि करंजाड्याचा विद्यार्थी

आंतरराष्ट्रीय कायदा म्हटला, कीं सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें हॉलंडमधील हेग शहर, तेथील शांतिप्रासाद आणि काळ्या झग्यांतले न्यायाधीश उभे राहतात. पनवेलला लागून असलेल्या करंजाडे वसाहतींतील गृहस्थाला तर या गोष्टींशीं आपला कांहींच संबंध नाहीं असें वाटतें. परंतु त्याच्या घरापासून फार दूर नाहीं अशा न्हावा-शेवा येथें १९८९ पासून बंदर चालूं आहे, आणि जवळच्याच विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. बंदरांत येणाऱ्या जहाजावर निशाण एका देशाचें, मालकी दुसऱ्याची, खलाशी तिसऱ्याचे आणि माल चौथ्याचा, हा प्रकार नित्याचा आहे. त्यांच्यांत तंटा उपस्थित झाला, तर तो कोणत्या कायद्यानें मिटवावयाचा? हेगचा प्रश्न असा दाराशींच येऊन उभा राहतो.

महाराष्ट्राला या कायद्याची पहिली ठळक ओळख झाली, ती मात्र कडवट होती. ८ जुलै १९१० रोजीं मार्सेल्स बंदरांत विनायक दामोदर सावरकर यांनीं ‘मोरिया’ बोटीवरून समुद्रांत उडी टाकून फ्रान्सचा किनारा गांठला. तेथील शिपायानें त्यांना धरून ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या स्वाधीन केलें. परभूमीवर पाऊल ठेवलेल्या कैद्याला अशा रीतीनें परत नेतां येतें काय, हा वाद फ्रान्स व ब्रिटन यांनीं हेगच्या लवादापुढें ठेवला. पांच सदस्यांच्या त्या लवादानें २४ फेब्रुवारी १९११ रोजीं निर्णय दिला : अटकेंत अनियमितपणा झाला खरा, तथापि कैदी परत करण्याचें बंधन ब्रिटनवर नाहीं. वाद दोन राष्ट्रांचा होता. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता, त्याला तेथें बोलण्याचा अधिकार नव्हता. आणि त्याच्या मातृभूमीला तर तेथें आसनच नव्हतें.

यानंतर शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. २०१७ सालीं पाकिस्तानांतील लष्करी न्यायालयानें कुलभूषण जाधव यांना मृत्युदंड ठोठावला. ८ मे रोजीं भारतानें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत अर्ज केला, आणि अवघ्या दहा दिवसांत शिक्षेच्या अंमलबजावणीस स्थगिती मिळाली. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे हे नागपूर विद्यापीठांत कायदा शिकलेले. १७ जुलै २०१९ रोजीं न्यायालयानें पंधरा विरुद्ध एक अशा मतांनीं पाकिस्तानानें कराराचा भंग केल्याचें ठरविलें व शिक्षेचा फेरविचार करण्यास फर्माविलें. शिक्षा रद्द करावी व सुटका व्हावी, ही मागणी मात्र मान्य झाली नाहीं. हेगच्या न्यायाची शक्ति आणि मर्यादा, दोन्ही या एकाच निकालांत दिसतात.

या दोन निकालांच्या दरम्यान भारत स्वतंत्र झाला; आणि १९६३ सालच्या व्हिएन्ना करारान्वयें परदेशांत अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशीं संपर्क साधण्याचा हक्क प्राप्त झाला. तो हक्क कराराच्या ३६ व्या कलमांत आहे. परंतु कलम पुस्तकांत असून भागत नाहीं. त्याला बोलतें करणारा माणूस लागतो. तो माणूस घडतो कसा?

त्याचा आरंभ विद्यार्थिदशेंतच होतो. १९६० पासून भरत आलेली जेसप अभिरूप न्यायालय स्पर्धा या दृष्टीनें फार उपयोगी आहे. दोन काल्पनिक राष्ट्रांच्या वादांत एकाच संघाला दोन्ही बाजूंचीं लेखी निवेदनें तयार करावीं लागतात, व आळीपाळीनें दोन्ही बाजू तोंडीहि मांडाव्या लागतात. प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्याइतक्याच आस्थेनें समजून घेण्याची संवय यामुळें लागते. हेग येथें १९२३ सालीं स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कायद्याची अकादमी उन्हाळ्यांत व हिवाळ्यांत व्याख्यानमाला चालविते व कांहीं शिष्यवृत्त्याहि देते. मायदेशीं, दिल्लीच्या भारतीय आंतरराष्ट्रीय विधि संस्थेचें कार्य १९५९ पासून चालूं आहे. मुंबईचें शासकीय विधि महाविद्यालय तर १८५५ सालचें. करंजाड्याच्या विद्यार्थ्याला तें आगगाडीच्या पल्ल्यांत आहे.

“परंतु पुढें काय?” हा वडील मंडळींचा प्रश्न रास्त आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश केवळ पंधरा. परराष्ट्र खात्याच्या विधि व करार विभागांतील जागाहि मोजक्याच. सर्वांनीं हेगकडेच डोळे लावले, तर बहुतेकांच्या पदरीं निराशा येईल. मात्र कामाचें क्षेत्र त्याहून पुष्कळ मोठें आहे. २०१७ च्या सागरी कायद्यान्वयें मुंबई उच्च न्यायालय परदेशी जहाजालाहि अटक करूं शकतें, आणि त्या जहाजावरील देण्यांत खलाशांच्या थकलेल्या पगाराला अग्रस्थान मिळतें. महिनोन्महिने पगार न मिळालेल्या कोंकणांतील एखाद्या खलाशाच्या घरीं चूल पेटवावयाची, तर हा कायदा जाणणारा वकील जवळ असावा लागतो. व्यापारी तंट्यांसाठीं मुंबईंत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. विमा, माल वाहतूक, विमानसेवा, या सर्व ठिकाणीं करारांची भाषा जाणणारीं माणसें लागतात.

हा मार्ग झटपट पैशाचा नाहीं. त्याला दोन-तीन भाषांचें ज्ञान हवें, करारांचे मूळ मसुदे शब्दशः वाचण्याची चिकाटी हवी, आणि आरंभींचीं कांहीं वर्षें अल्प वेतनावर काढण्याची घरच्यांची तयारीहि हवी. एखाद्या मुलानें किंवा मुलीनें हा विषय निवडला, तर घरांतून त्याला चैन न समजतां अभ्यास समजलें जावें. १९११ सालीं मार्सेल्सच्या कैद्यासाठीं बोलणारें आपलें असें कोणी नव्हतें. पुढें अशी वेळ कोणावर येईल हें आधीं कळत नाहीं. बोलणारीं माणसें मात्र आधींच तयार असावीं लागतात.