त्याला नावानं हाक मारा



आपल्या भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात धुकं उतरलं, की चार हातांवरचं झाड दिसत नाही. म्हणून झाड तिथं नसतं काय? काही मुलांचं असंच असतं.

पोर वाढतं, पण बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. गाव म्हणतं, वेडं आहे. कोणी म्हणतं, बाहेरची बाधा आहे. मंडळी, हे वेड नव्हे, बाधा नव्हे, आईबापांचं पापही नव्हे. त्याच्या मेंदूची वाढ वेगळी झालेली असते.

अशांपैकी थोड्यांच्या अंगी एखादा गुण फार मोठा असतो. अमेरिकेत किम पीक नावाचे गृहस्थ होते. १९५१ साली जन्मले, २००९ साली वारले. सदऱ्याच्या गुंड्या लावणं त्यांना अवघड जाई. पण हजारो पुस्तकं तोंडपाठ! लहानपणी डॉक्टर म्हणाले होते, याला संस्थेत टाका. आईबापांनी ऐकलं नाही. पोर घरीच वाढवलं.

लंडनचा स्टीफन विल्टशायर १९७४ सालचा. लहानपणी बोलत नसे, नुसती चित्रं काढी. शिक्षकांनी युक्ती केली. चित्रांचं सामान काढून घेतलं. मागेल तेव्हा द्यायचं. त्याचा पहिला शब्द निघाला, 'कागद'! पुढं तो बोलू लागला. २००५ साली त्यानं टोकियो शहर आकाशातून थोडा वेळ पाहिलं आणि दहा मीटर लांबीच्या कापडावर आठवणीनं काढलं.

यातून काय घ्यायचं? पोराला ज्याची गोडी, तिथून शिकवा. हिरडा निवडायला आवडतो? मग निवडता निवडता मोजायला शिकवा.

पण एक ध्यानात धरा. बहुतेक मुलांत असा मोठा गुण नसतो. म्हणून काय त्याला भाकरी कमी द्यायची? दावणीला बांधायचं? गुण असो नसो, पोर आपलंच.

त्याला शिकण्याचा हक्क आहे. सरकारी दवाखान्यात तपासून दाखला घ्या. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर २०१६ च्या कायद्यानं ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत शिक्षण फुकट आहे. पुण्यात 'कामायनी' ही अशा मुलांची शाळा १९६४ साली निघाली.

उद्या वाटेत असं पोर दिसलं, तर चिडवणाऱ्यांना थांबवा. त्याला वेडा म्हणू नका. त्याला नाव आहे. नावानं हाक मारा.