परळहून चीनला गेलेला डॉक्टर



परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आहे. १९२६ साली ते सुरू झालं, तेव्हा देणगीदारांनी एक अट घातली होती. इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. त्या काळात ही अट साधी नव्हती. याच कॉलेजात सोलापूरचा एक मुलगा शिकला. त्याचं नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

जपाननं १९३७ साली चीनवर आक्रमण केलं. चीनचे सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. आपणच पारतंत्र्यात होतो, तरी लोकांनी वर्गणी दिली, औषधं जमवली, आणि पाच डॉक्टर निघाले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. यातले चोळकर नागपूरचे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून त्यांचं जहाज सुटलं. कोटणीस तेव्हा पुढच्या परीक्षेची तयारी करत होते. वय अवघं सत्तावीस.

आमच्या चाळीतली एक मुलगी नर्सिंग झाली आहे. परदेशात जाऊन काही महिने सेवा करावी, असं तिच्या मनात आहे. ‘काकू, तिकडे गेल्यावर आपण नक्की काय करायचं असतं?’ असं तिनं मला विचारलं. मी काही परदेशी गेलेली नाही. पण कोटणीसांबद्दल जे वाचलंय ते मी तिला सांगितलं, आणि तेच आज तुम्हालाही सांगते.

तिथे गेल्यावर त्या पाचही जणांनी आपल्या नावापुढे ‘हुआ’ हा शब्द जोडून घेतला. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. नुसतं नाव बदलून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते चिनी भाषा शिकायला बसले. रोग्याला कुठे दुखतंय हे दुभाष्याकडून कळून घेण्यात अर्धी गोष्ट हरवते, हे कुठलीही नर्स सांगेल. पुढे ते चिनी भाषेतून विद्यार्थ्यांना शिकवूही लागले. डोंगराळ भागात, लढाईच्या तोंडावर, मिळेल त्या घरात शस्त्रक्रिया करायच्या, शत्रू जवळ आला की सगळं गुंडाळून पुढे सरकायचं, अशी ती नोकरी होती.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी त्यांना आली. तरी ते परत फिरले नाहीत. तीन सहकारी एकेक करून मायदेशी आले. कोटणीस आणि बसू मागे राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचं १९३९ साली तिथेच निधन झालं होतं. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रं १९४१ साली कोटणीसांकडे आली. त्याच वर्षी त्यांनी गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

पुढची गोष्ट पुन्हा परळलाच घडली. व्ही. शांताराम यांनी इथल्या राजकमल स्टुडिओतून १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. स्वतः ते कोटणीस झाले, जयश्रीबाई चिंगलान झाल्या. आपल्यापैकी पुष्कळांना कोटणीस ठाऊक आहेत ते या सिनेमामुळे. सिनेमात मोठे प्रसंग असतातच. मला मात्र नव्या भाषेतली अक्षरं गिरवणारा तो तरुण डॉक्टर जास्त आठवतो.

मग आलं १९६२. भारत आणि चीन युद्धात समोरासमोर उभे राहिले. ज्या मुलाच्या नावातच दोन्ही देश होते, तो तेव्हा वीस वर्षांचा होता. पुढे वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच, १९६७ साली, तोही गेला. चिंगलान मात्र दीर्घायुषी ठरल्या. सासरच्या माणसांशी त्यांनी नातं तोडलं नाही, भारतात त्या अनेकदा आल्या. २०१२ साली त्यांचं निधन झालं. इकडे डॉ. बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकून आले आणि ती विद्या त्यांनी इथल्या रोग्यांसाठी वापरली. द्यायला गेलेला माणूस असं काही घेऊनही येतो.

याच १९६२ची दुसरी बाजूही सांगायला हवी. युद्धानंतर भारतात राहणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं गेलं. त्यातले बरेचसे आसाम-बंगालकडचे. काहींचा तर जन्मच इथला. दुकानदार, सुतार, दंतवैद्य अशी ही साधी माणसं. त्यांचा लढाईशी काय संबंध? एका बाजूला आपण कोटणीसांचा अभिमान बाळगत होतो, आणि दुसऱ्या बाजूला शेजारचा माणूस केवळ चेहऱ्यावरून परका ठरत होता.

म्हणून त्या मुलीला मी म्हटलं, ‘तू जरूर जा. पण जाण्याआधी तिथली भाषा थोडी तरी शिक. तिथल्या माणसांच्या हाताखाली काम कर, त्यांना शिकवायची घाई करू नकोस. आणि जायला जमलं नाही, तर माझगाव काही लांब नाही.’ माझगावात नवाब टँक रोडवर एक जुनं चिनी देऊळ आहे. मुंबईतली उरलीसुरली चिनी कुटुंबं त्यांच्या नववर्षाला तिथे जमतात. परळपासून बसनं जाता येतं.

शिजियाझुआंग इथे कोटणीसांची समाधी आहे. पितरांचं स्मरण करायच्या दिवशी तिथले लोक तिच्यावर फुलं वाहतात. सोलापूरच्या मुलाला त्यांनी आपल्या पितरांत जागा दिली. आपल्या गल्लीत बाहेरून आलेल्या माणसाला आपण काय म्हणून हाक मारतो, ते ज्याचं त्यानं पाहावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)