मांजराचा खेळ आणि मांजराची शिकार
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



‘मांजर’ हा विषय ऐकून मागच्या रांगेत हसू उमटले, ते मी पाहिले. विषय हसण्यासारखा आहे खरा. पण आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी मांजर आहे, आणि जिच्या घरी नाही तिच्याकडे शेजारणीचे येतेच! त्यावरून होणाऱ्या कुरबुरीही आपल्या ओळखीच्या आहेत. एकीचे म्हणणे, “मांजराला पोटभर घातले तर उंदीर कोण धरणार?” दुसरीचे म्हणणे, “दूधभात खाऊन वर बुलबुलाची पिले मारते! असले दुष्ट जनावर पोत्यात घालून लांब सोडून द्यावे.” म्हणजे एकीकडे मांजर उपाशी राहते, तर दुसरीकडे बेघर होते. या दोघींना उत्तर द्यायचे तर मांजर खेळते कशासाठी आणि शिकार करते कशासाठी, हे आधी समजून घेतले पाहिजे.

प्रथम पिलांकडे पाहू. पिलू चार आठवड्यांचे झाले की भावंडांशी झोंबाझोंबी करू लागते. सात-आठ आठवड्यांचे झाले म्हणजे त्याला कागदाचा बोळा, लोकरीचा गुंडा, आपल्या लुगड्याचा पदर, काहीही चालते. दबा धरायचा, बूड हलवीत नेम साधायचा, झेप घ्यायची, पुढच्या पायांनी धरून मागच्या पायांनी लाथा झाडायच्या. नीट पाहिले तर हे सारे शिकारीचेच डाव आहेत. त्यांची आईही मदतीला असते. ती आधी मेलेला उंदीर आणून पिलांपुढे टाकते, पुढे जिवंत आणू लागते. आपण मुलीला आधी कणीक मळायला देतो, मग लाटायला, आणि मग तव्यापाशी उभी करतो. तसाच हा क्रम.

आता भुकेची गोष्ट. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांपुढे त्यांचे आवडते खाणे ठेवले आणि ती खात असतानाच जवळ उंदीर सोडला. मांजरे ताटावरून उठली, उंदीर मारला आणि परत येऊन पहिलेच खाणे खाऊ लागली! यात नवल नाही. घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातले रानमांजर. त्याला दिवसाकाठी बरेच उंदीर लागत आणि पुष्कळ झेपा फुकट जात. भूक लागेपर्यंत थांबले असते तर ते उपाशी मेले असते. म्हणून हालचाल दिसली की धाव घ्यायची, हा स्वभावच बनला. तेव्हा पोट भरलेले मांजर शिकार सोडत नाही. उंदरांसाठी त्याला उपाशी ठेवणे म्हणजे केवळ त्याचे हाल करणे होय.

“मग उंदराला खेळवून खेळवून का मारते?” असे कोणी विचारील. उंदीर, त्यातून घूस, उलटून चावते. तोंडाजवळ नेण्याआधी तिला पंजांनी दमविणे शहाणपणाचे असते. शिकार मोठी असली आणि भूक फारशी नसली की हा खेळ लांबतो. आपल्याला ते क्रूर दिसते. मांजराच्या मनात दुष्टावा नसतो. तसेच, मारलेला उंदीर ते घरात आणते, कारण घर ही त्याची निर्धास्त जागा. तेव्हा पाट उचलून त्याच्यामागे धावू नये.

परंतु बुलबुलाच्या पिलांचे काय? त्यांचाही जीव आहेच. इंग्लंडमध्ये २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर झालेली एक पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. ज्या मांजरांशी घरची माणसे रोज पाच-दहा मिनिटे शिकारीसारखा खेळ खेळली, त्यांनी घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांना भरपूर मांस असलेले खाणे दिले, त्यांची ३६ टक्क्यांनी. आणि घंटेने? काहीच फरक पडला नाही! मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा जुना प्रश्न. ती बांधूनही या पाहणीत उपयोग दिसला नाही.

तेव्हा भगिनींनो, चार गोष्टी कराव्यात. काठीला दोरी व दोरीला चिंधी बांधून रोज संध्याकाळी मांजराला खेळवावे, शेवटी चिंधी त्याला धरू द्यावी आणि मग जेवू घालावे. केवळ दूधभातावर मांजर पोसत नाही. त्याला लागणारी काही द्रव्ये मांसमासळीतच असतात. शाकाहारी घरात बाजारचे तयार खाणे वेगळ्या बशीत द्यावे. अंगणात घरटे असेल त्या दिवसांत पहाटे व तिन्हीसांजेला मांजर घरात ठेवावे, कारण त्याच्या शिकारीची वेळ तीच.

आपल्यात शिवणकाम करणाऱ्या पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. सुईदोरा उघड्यावर ठेवू नका. गिळलेला दोरा आतडी कापतो. तोंडातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. घरात मांजर असताना उंदराचे विषारी औषधही नको. विष खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटात जातो.

शेवटी मुलांविषयी. पिलाला आपली बोटे खेळायला देऊ नयेत. आज जे गंमत म्हणून चावते, तेच मोठेपणी रक्त काढते. मांजर चावले वा ओरबाडले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हळद लावून स्वस्थ बसू नये. पिसाळण्याचा रोग मांजरापासूनही होतो. मांजरालाही त्याची लस टोचून घ्यावी.

मांजराचा स्वभाव आपल्याला बदलता येणार नाही. पण त्या स्वभावाला चिंधीचा उंदीर देणे आपल्या हाती आहे. त्याला रोजची दहा मिनिटे पुरतात. तेवढी आपण दिली, तर पोते शोधण्याची पाळी कोणावर येणार नाही.